व्हॉल्व्ह कोणी बंद केला

शीतगृहात त्याला सगळे भोंगा म्हणत, आणि त्याला त्याचं वाईट वाटणं सोडाच, उलट कौतुक वाटायचं. माइक हातात आला की हा माणूस फुलायचा. समोर दहा असोत नाहीतर पाचशे, याच्या पोटात कधी गोळा आला नाही, घशाला कोरड पडली नाही, की हातातला कागद थरथरला नाही. कागद मुळी नसायचाच. कुणी निवृत्त होवो, कुणाला बढती मिळो, नवं मशीन येवो की जुनं भंगारात जावो, बोलवा भोंग्याला. बोलणाऱ्याची बोरं विकली जातात म्हणतात. याने दगड विकले असते आणि घेणाऱ्याने वर आभार मानले असते.

आता तर बोलणं हीच त्याची नोकरी होती. दर सोमवारी सकाळी, शिफ्ट सुरू व्हायच्या आधी, सगळ्या कामगारांनी कँटीनमध्ये दहा मिनिटं बसायचं आणि एकाने सुरक्षिततेवर बोलायचं, अशी तिथली पद्धत. ती दहा मिनिटं भोंग्याची. नव्या लोकांना तो चारचौघांत बोलायलाही शिकवायचा. म्हणायचा, "समोर माणसं बसलीत असं समजूच नका. क्रेट रचून ठेवलेत असं समजा. क्रेटला कोण घाबरतं?" दुसरं म्हणायचा, "मोठं वाक्य यायच्या आधी थांबा. मनात एक, दोन, तीन मोजा. मग सोडा." आणि तिसरं, "आकडे सांगू नका, गोष्ट सांगा. आकडे दारापर्यंत पोचत नाहीत, गोष्ट घरी जाते."

त्याच्याकडे गोष्ट होतीच. अमोनियाची. चोवीस वर्षं तो ती सांगत आला होता. कसा भर दुपारी मशीनरूममधल्या पाइपाच्या जोडातून गॅस सुटला, कशा तीन नंबरच्या खोलीत माल निवडणाऱ्या तिघी बायका आत अडकल्या, कसं त्याने पोतं भिजवून डोक्याला गुंडाळलं, डोळे मिटून पाइप चाचपत चाचपत टाकीपर्यंत गेला आणि व्हॉल्व्हचं चाक फिरवलं. एक फेरा, दोन फेरे, तीन फेरे. बाराव्या फेऱ्याला तो थांबायचा. कँटीनमध्ये टाचणी पडली तरी ऐकू यावी. मग म्हणायचा, "आणि गॅस बंद!" टाळ्यांचा नुसता कडकडाट व्हायचा.

गोष्ट शब्दन् शब्द खरी होती. फक्त ती त्याची नव्हती.

व्हॉल्व्ह बंद केला होता मशीनरूमच्या ऑपरेटरने. आणि भोंगा तेव्हा होता कुठे? ऐका. तो तेव्हा धक्क्यावर माल चढवायचा. पहिला भपकारा आला आणि पठ्ठ्याची पाचावर धारण बसली. अमोनिया काय चीज आहे ते ज्याने हुंगलंय त्यालाच ठाऊक. छाती बंद होते, डोळ्यांची आग आग होते. कुणी ओरडायच्या आधी हा पळत सुटला होता. दारात एक बूट निघाला, तो उचलायलाही वाकला नाही. गेट ओलांडलं, रस्ता ओलांडला, पलीकडे उभ्या असलेल्या ट्रकच्या मागे जाऊन उकिडवा बसला. आत तीन बायका आहेत हे त्याला माहीत होतं. त्याच्याच हातून त्यांना क्रेट पोचले होते.

अर्ध्या तासाने तो परत आला तो बुटासाठी. बाहेरच्या नळाखाली ऑपरेटर डोळे धूत बसला होता. हा ऑपरेटर म्हणजे एरवी तोंडातून ब्र न काढणारा माणूस. कुणी विचारलं तर मान हलवणार, नाही विचारलं तर तेही नाही. पण त्या दिवशी, कोण जाणे कसं, त्याच्या तोंडाला पाझर फुटला. भोंगा त्याच्या डोळ्यांवर पाणी मारत होता आणि तो सांगत होता. पोतं कसं भिजवलं, पाइपाच्या कुठल्या वळणावर हात भाजल्यासारखा गारठला, चाक कसं अडकलं होतं. "साडेअकरा फेरे असतात," तो म्हणाला. "रोज तेल घालतो ना मी त्याला. हाताला माहीत आहेत." भोंगा ऐकत होता आणि मनातल्या मनात लाजेने अर्धा झाला होता. तेव्हा त्याला लाज वाटत होती, हे लिहून ठेवायला हवं.

दुसऱ्या दिवशी मालकांनी सगळ्यांना मागच्या मोकळ्या जागेत जमवलं. विचारलं, "व्हॉल्व्ह कोणी बंद केला?" डोळ्यांवरून ओळखावं तर ते निम्म्या लोकांचे सुजलेले. ऑपरेटर भोंग्याच्या मागे उभा होता. त्याने भोंग्याच्या पाठीला हात लावला आणि हळूच म्हणाला, "तू सांग ना. मला नाही जमणार."

भोंग्याने सांगितलं. आणि काय सांगितलं! पहिल्यांदाच एवढी माणसं त्याच्याकडे बघत होती. पोतं, पाइप, अंधार, अडकलेलं चाक, सगळं त्याने हातवारे करून उभं केलं. कोणी केलं त्याचं नाव मात्र त्याने मुद्दाम शेवटाला ठेवलं. नाव आधी सांगितलं तर गोष्टीत राम काय राहिला? चाक फिरलं, गॅस थांबला, आणि आता नाव सांगायचं म्हणून तो क्षणभर थांबला. एक, दोन, तीन.

त्या तीन आकड्यांत मालक पुढे आले आणि त्यांनी त्याला मिठी मारली. टाळ्या सुरू झाल्या. त्या तिघींपैकी एक बाई रडत रडत त्याचे हात धरून उभी राहिली. नाव त्याच्या तोंडातच होतं. त्याने ते गिळलं.

संध्याकाळी तो ऑपरेटरकडे गेला. म्हणाला, "उद्या सांगतो मालकांना. गैरसमज झाला म्हणून."

"जाऊ दे रे," ऑपरेटर म्हणाला. "मला तिथं पुढे उभं केलं असतं तर मी चक्कर येऊनच पडलो असतो."

माणसाला सोयीचं तेवढंच ऐकू येतं. भोंग्याला ऐकू आलं, "घे तू." पुढच्या महिन्यात त्याला धक्क्यावरून काढून सुरक्षिततेचा प्रशिक्षक केलं, आणि मग तर खरं बोलायची सोयच राहिली नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. सांगून सांगून गोष्ट गुळगुळीत झाली. साडेअकराचे बारा झाले, कारण बारा ऐकायला बरं वाटतं. दारात निघालेला बूटसुद्धा गोष्टीत आला. पायाला जमीन कळावी म्हणून त्याने म्हणे बूट काढून टाकले होते! आणि एका वर्षी, हशा थोडा कमी पडतोय असं वाटून, त्याने एक वाक्य वाढवलं: "मी आत चाक फिरवतोय, आणि आमचा मशीनरूमचा थंडोबा कुठे? तर बाहेर नळाखाली तोंड धुतोय!" कँटीन हसून हसून लोळली. ऑपरेटर शेवटच्या बाकावर बसला होता. तोही हसला. त्या दिवसापासून त्याचं नाव थंडोबा पडलं ते कायमचं.

आता हा थंडोबा निवृत्त होत होता.

आठ दिवस आधी त्याची मुलगी भोंग्याच्या केबिनमध्ये आली. लहानपणी बापाचा डबा घेऊन यायची तेव्हापासून भोंगा तिला ओळखायचा. आता ती एका दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर कामाला होती. खुर्चीच्या टोकावर बसली आणि म्हणाली, "काका, निरोपाच्या दिवशी तुम्हीच बोलणार ना?"

"मी नाही तर कोण? तुझा बाप बोलणार?"

ती हसली. मग हातातल्या पिशवीचा बंद पिळत म्हणाली, "काका, बाबांचं काहीतरी सांगाल? काहीही. त्यांनी केलेलं एखादं काम. तुम्ही इतकी वर्षं बरोबर आहात म्हणून विचारते. घरी ते कामाचं अवाक्षर काढत नाहीत. आई म्हणते, काढण्यासारखं काही नसेल. चौतीस वर्षं हा माणूस रोज सकाळी उठून इथे आला. इथे तो कोण होता, तेच आम्हाला माहीत नाही."

"सांगतो," भोंगा म्हणाला. "सांगतो की."

ती गेल्यावर तो कितीतरी वेळ दार बंद करून बसला. चोवीस वर्षांत त्याला कधी झोप लागली नाही असं नव्हतं. चांगली घोरत झोप लागायची. सवयीने लाजही बोथट होते. पण त्या पोरीने पिशवीचा बंद पिळला आणि आत कुठेतरी सगळं एकदम ताजं झालं. त्या माणसाकडे आयुष्यात सांगण्यासारखी एकच गोष्ट होती. ती याने ढापली होती, आणि वर त्याच गोष्टीत त्याला विदूषक म्हणून उभं केलं होतं. आता आठ दिवस उरले होते. त्यानंतर थंडोबा घरी बसणार, आणि मग हे कुणाला सांगायचं, कुठे सांगायचं?

निरोपाच्या आदल्या दिवशी तो मशीनरूममध्ये गेला. थंडोबा कॉम्प्रेसर पुसत होता. दुसऱ्या दिवशी दुसराच कुणी तो चालवणार होता, तरी पुसत होता.

"उद्या मी सांगणार आहे," भोंगा म्हणाला. मशीनच्या आवाजात त्याला ओरडावं लागलं.

"काय?"

"खरं काय ते. व्हॉल्व्हचं."

थंडोबाचा हात थांबला. चेहऱ्यावर आनंद नाही, राग नाही, नुसती भीती. "मला वर बोलावशील?"

"नाही."

"बोलायला लावशील?"

"नाही रे बाबा. तू फक्त बसून राहा."

थंडोबाने फडकं झटकलं, घडी घातली, परत उलगडलं. "तुझं काय होईल?" त्याने विचारलं.

याला म्हणतात तोंडात मारणं. चोवीस वर्षं ज्याने लुटलं त्याची काळजी करतोय हा माणूस! भोंगा काहीतरी पुटपुटला आणि बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कँटीन गच्च भरली. दोन्ही शिफ्टचे मिळून तीनेकशे लोक. जुने मालक कधीच गेले होते, त्यांची मुलगी आता कारभार बघायची. तिला सगळे नुसतं बाई म्हणत. बाई पहिल्या रांगेत. तिच्या शेजारी थंडोबा, कडक इस्त्रीच्या शर्टात, शिक्षा ऐकायला बसल्यासारखा. त्याच्या पलीकडे वहिनी, म्हणजे थंडोबाची बायको, आणि मुलगी.

भोंग्याने ठरवलं होतं की गमजा करायच्या नाहीत. उभं राहायचं, चार साधी वाक्यं बोलायची आणि खाली बसायचं. पण माइक हातात आला, तीनशे चेहरे वर झाले, आणि जित्याची खोड कुठे जाते? "आज आपण अशा माणसाला निरोप देतोय," तो म्हणाला, "ज्याने चौतीस वर्षांत जितके शब्द उच्चारले, तितके मी चहा मागताना उच्चारतो." हशा. तो हशा कानात गेला आणि भोंगा सुटला. थंडोबा तेलाच्या डब्याशी जास्त बोलतो की बायकोशी, यावर एक विनोद. हशा. वहिनीसुद्धा पदराआड हसल्या. मग त्याने आवाज खाली घेतला. हा त्याचा हातखंडा. आवाज खाली आला की लोक पुढे झुकतात.

"तुम्ही सगळ्यांनी माझी अमोनियाची गोष्ट ऐकली आहे."

"ऐकलीय!" मागून कोणीतरी ओरडलं. "बारा फेरे!"

"बारा नाही. साडेअकरा." तो थांबला. एक, दोन, तीन. "आणि ते मी फिरवले नव्हते. तो व्हॉल्व्ह मी बंद केला नव्हता. तो बंद केला या माणसाने. मी त्या वेळी रस्त्यापलीकडे ट्रकच्या मागे लपून बसलो होतो. एका बुटावर!"

भोंग्याला वाटलं, आता. आता काय व्हायचं ते होईल. कुणीतरी शिवी देईल, बाई उठून जाईल. तो वाट बघत राहिला, आणि खरं सांगायचं तर त्याला हलकंही वाटायला लागलं होतं.

आणि तीनशे लोक हसले. पोट धरधरून हसले. "एका बुटावर!" म्हणत बाकं बडवली. मग टाळ्या सुरू झाल्या, आणि त्या थांबेचनात. बाई उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते. तिने त्याच्या हातातून माइक घेतला आणि म्हणाली, "याला म्हणतात मोठं मन! बाबांनी मला ही गोष्ट मी लहान असल्यापासून सांगितली आहे. आपल्या आयुष्यातली सगळ्यात मोठी कामगिरी आज यांनी मित्राला निरोपाची भेट म्हणून दिली. असं कोण करतं हो?"

"नाही, नाही," भोंगा म्हणाला. "बाई, मी खरंच सांगतोय. खरंच मी पळालो होतो."

त्यावर तर लोक उभेच राहिले. काय ती नम्रता! काय तो साधेपणा! मागचा एक जण शिट्टी वाजवायला लागला. भोंग्याने हात वर केला, आवाज चढवला, "ऐका, गंमत नाही ही," असं दोनदा म्हणाला. पण त्याचा तो चढलेला आवाज, तो वर गेलेला हात, तेही सगळं त्यांच्या ओळखीचं होतं. इतकी वर्षं खोटं इतकं छान सांगितलं की खरं सांगायला आवाजच उरला नव्हता. जे तोंड होतं ते सगळं भोंग्याचं होतं, आणि भोंग्याचं कसब लोकांना पाठ होतं.

"आता तुम्हीच सांगा," बाईने माइक थंडोबासमोर धरला. "कोणी बंद केला व्हॉल्व्ह?"

बोलायला लावणार नाही असा शब्द भोंग्याने दिला होता. थंडोबा उठला. खुर्चीची पाठ त्याने दोन्ही हातांनी घट्ट पकडली. त्याचे ओठ हलले. सगळी कँटीन त्याच्याकडे प्रेमाने बघत होती, आणि ते प्रेमच त्याला झेपत नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "हा... छान बोलतो." आणि खाली बसला.

हशा, टाळ्या, पुन्हा हशा. झाला निरोप समारंभ.

नंतर चहा होता. लोक भोंग्याच्या पाठीवर थापा मारत होते. प्रत्येक थाप त्याला चपराक वाटत होती. थंडोबाची मुलगी आली, म्हणाली, "काका, तुम्ही माझ्यासाठी केलंत ना हे? मी मागितलं म्हणून?" तो 'नाही' म्हणून मान हलवायला लागला, तर तिने त्याचा हात दाबला आणि तेवढ्यात बाईने हाक मारली म्हणून ती गेली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक उगाच म्हणत नाहीत. तो कपबशी घेऊन खिडकीच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.

तिथे वहिनी आल्या.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "उपकार झाले तुमचे."

"वहिनी, तसं काही..."

"नाही, ऐका. तुम्हाला माहीत नाही तुम्ही काय केलंत ते." त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली घेतला. "तो गॅस सुटला होता ना, त्या दिवशी हे घरी आले ते डोळे असे सुजलेले. आणि आल्या आल्या मला म्हणाले, मी बंद केला व्हॉल्व्ह. लग्न झाल्यापासून या माणसाला मी असं बोलताना पाहिलं नव्हतं. तासभर सांगत होते. पोतं काय, पाइप काय. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! सकाळी उठून मी शेजारीपाजारी सांगून आले. आणि संध्याकाळी सगळीकडून कळलं की तुम्ही बंद केला."

भोंग्याने हातातली कपबशी खिडकीत ठेवली.

"मी फार बोलले हो त्यांना," वहिनी म्हणाल्या. "मला तोंड दाखवायला जागा राहिली नव्हती ना. म्हटलं, बायकोसमोर फुशारकी मारायला लाज नाही वाटत? दुसऱ्याने जीव धोक्यात घातला आणि तुम्ही त्याचं श्रेय लाटता? ते एकदा म्हणाले, अगं, मीच. मी म्हटलं, मग मालक काय खोटं बोलतात? त्यानंतर त्यांनी घरी कामाचं कधी काही काढलं नाही. मीही विचारलं नाही. एकदा खोटं पकडलं की माणसाला विचारावंसं वाटत नाही. पण म्हातारपणी वाटतं, एवढं लावून धरायला नको होतं मी. आज तुम्ही चारचौघांत त्यांची ती हौस पुरवलीत. खोटी का होईना, पुरवलीत."

आणि त्या खरोखर कृतज्ञतेने हसल्या.

भोंग्याला बोलायचं होतं. समोर एकच बाई होती, हातात माइक नव्हता, कोणी ऐकत नव्हतं. एवढी सोपी सभा त्याला आयुष्यात मिळाली नव्हती. "वहिनी," तो म्हणाला आणि थांबला. मुद्दाम नाही. पुढचं येईना. "वहिनी, ते... मी... ते खरं..." घसा इतका कोरडा पडला की आवाज फाटला. त्याने खिडकीची कड धरली. "पळालो होतो. मी. त्याने... नळावर... त्यानेच मला सांगितलं सगळं, म्हणून मला... मला माहीत... मी नाव सांगणार होतो, वहिनी. शेवटी. सांगणारच होतो..."

त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि नाकातूनही, आणि पुसायला त्याच्याकडे काही नव्हतं. बाही लावली नाकाला.

वहिनींच्या चेहऱ्यावरचं हसू आधी तसंच राहिलं, मग हळूहळू गेलं. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. भोंगा अडखळताना कोणी पाहिला नव्हता. त्यांनीही नाही.

"म्हणजे ते खरं बोलत होते," त्या म्हणाल्या.

त्याने होकारार्थी मान हलवली.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या, चार शिव्या हासडल्या असत्या, तर त्याला उभं राहायला काही आधार तरी मिळाला असता. त्या वळल्या आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला बघू लागल्या. तिथे थंडोबा एकटाच रिकाम्या खुर्च्या एकात एक रचत होता. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. लोक अजून चहा पीत होते, आणि तो आपला रचत होता.

"चोवीस वर्षं," वहिनी म्हणाल्या. "मी त्यांना खोटारडे म्हटलं होतं, भाऊजी. पोरीसमोर सुद्धा म्हटलंय."

भोंग्याने पुन्हा बाही नाकाला लावली.

"आता जाऊन काय म्हणू मी त्यांना?" त्यांचा आवाज इतका बारीक झाला की त्याला पुढे झुकावं लागलं. "सांगा ना. तुम्हाला येतं बोलता. कुठून सुरुवात करू?"

त्या खरंच विचारत होत्या. टोमणा नव्हता तो. शेकडो लोकांना त्याने बोलायला शिकवलं होतं, आणि या बाईला हवं होतं एक वाक्य. त्याने डोकं खाजवलं, खाली बघितलं, पुन्हा वर बघितलं. एकही वाक्य सापडेना. वहिनींनी थोडा वेळ वाट पाहिली. मग पदराने तोंड पुसलं आणि त्या एकट्याच खुर्च्यांकडे चालू लागल्या.